सरोवरातली फेरी

आस्वानच्या टूर ऑफिसात समीहाने अबू सिंबलच्या प्राचीन मंदिराची सहल जवळजवळ पक्की केली होती. बस, गाइड, जेवण, शेवटी सरोवरात होडीतून फेरी, आणि दरही सगळ्या घराला परवडेल असा. फक्त तिचे वडील, अवाद, यांचं नाव यादीत घालायचं राहिलं होतं.

"बाबा, तुमचं नाव घालू ना?"

"मंदिर बघेन. होडीत बसणार नाही."

"फेरी दरातच धरलीय, आजोबा," बुकिंग घेणारा हसला. "पाण्याची भीती वाटते का?"

समीहाला ओशाळल्यासारखं झालं. "दर वेळी तुमचं काहीतरी खुसपट असतंच. मुलांचा तरी विचार करा."

अवाद उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि सरोवराच्या निळ्या रंगावर त्यांनी बोट टेकवलं.

"इथे आमचं गाव होतं. धरण झालं, पाणी चढायला लागलं, तेव्हा मंदिराचे दगड कापून वर नेले. आम्हालाही उचलून दुसरीकडे नेऊन टाकलं. माझी आई आदल्या वर्षीच गेली होती. कब्रस्तान कुणी हलवलं नाही."

आजीची कबर कुठे आहे, हे समीहाने कधी विचारलंच नव्हतं. तिला त्यांच्याकडे बघवेना. ती बुकिंगवाल्याला म्हणाली, "फेरी काढून टाका. आमच्या सगळ्यांचीच."

नकाशावरचं बोट तसंच होतं.

"राहू दे," अवाद म्हणाले. "मीही बसतो होडीत. तिनं अजून पतवंडं पाहिलेली नाहीत."