दामूच्या जुन्या सवयी

"नलावरून पानी तुमीच आनायचे, आदीपासनं, रोज सकाली," कलावती म्हणाली, आणि दामूने हंडा उचलला.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लूममधून सूत नेणारा लाकडी धोटा उडून दामूच्या डोक्यात बसला. जखम भरली, पण लग्नानंतरची वर्षं आठवणीतून पुसून गेली. लूमचा खडखडाट त्याला सोसवत नसे. बोलता बोलता शब्द हरवायचा. नारपोलीतल्या स्वतःच्या गल्लीतही तो चुकायचा. मालक फखरुद्दीनशेठने त्याला लूमवरून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. हळूहळू आठवेलही, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या पुसलेल्या वर्षांत कलावतीने आपल्याला हवा तसा नवरा बसवला. तो म्हणे पाणी भरायचा, भाजी निवडायचा, दारूला शिवायचा नाही. दामूने सगळं खरं मानलं. चाळ गालातल्या गालात हसली, पण कुणी चहाडी केली नाही. कलावती इतकी सुखात कधीच नव्हती, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

 एके दिवशी मात्र शेजारची बकुळा येऊन बसताच ती नुसत्या ओठांनी बोलू लागली. दोघींनी लूमच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. आवाज न काढता बोलणं अंगवळणी पडलं होतं. अपघाताआधी दामूलाही ते यायचं. पण दवाखान्यात कलावती तशी बोलली तेव्हा काही न कळल्यासारखा तो नुसता बघत राहिला होता. तेव्हापासून दोघी त्याच्यासमोर बिनधास्त बोलत.

सकाळी यांनी कोंडूचं नाव काढलं, तिने सांगितलं. नळावर दिसला म्हणे. कोंडू म्हणजे दामूचा लग्नानंतरचा, दारूच्या गुत्त्यावरचा जोडीदार. अपघातानंतर ते नाव तिने घरात एकदाही घेतलं नव्हतं.

दामू समोरच मेथी निवडत बसला होता.

"सगलं आठवलं तर?" बकुळाचे ओठ हलले. "परत हात उगारील."

कलावतीचे डोळे भरून आले. "ह्यो मानूस मला परत मिलायचा न्हाय," ती तशीच म्हणाली. "असाच ऱ्हाऊ दे, बाई."

दामूने मान वर केली. आधी बकुळाकडे, मग बायकोकडे पाहिलं. त्याचेही ओठ हलले, आवाज मात्र नाही.

"कवाच आठवलंय सगलं. मेथी धुवायचो पन मीच ना?"