दुसरी नाडी

प्रिंटर काढला, कॅमेरा काढला, रॅमसुद्धा बदलून पाहिली. तरी विलासराव गुरवांचा जुना कॉम्प्युटर सुरू होताना त्याच जागी अडकत होता. काळ्या पडद्यावर पांढरं चक्र नुसतं फिरत होतं.

"काका, हा दोघांच्या नाडीवर उघडतो ना?" दुरुस्तीला आलेल्या रेश्मानं विचारलं.

"हो. आईनं घेतला तेव्हा माझी आणि दादाची नाडी जोडून घेतली होती. मनगटातल्या चिपमधून कुठूनही पोचते म्हणे. पण दादानं ते केव्हाच तोडलं असणार. आम्ही बोलत नाही. तो बेळगावात एकटाच असतो."

आईच्या वर्षश्राद्धाला जिलेबी करायची की श्रीखंड, एवढ्यावरून बिनसलं होतं.

रेश्मानं स्वतःचा लॅपटॉप जोडून पाहिला. "त्यांनी तोडलेलं नाही, काका. तोडलं असतं तर हा तुमच्या एकट्याच्या नाडीवर उघडला असता. इतकी वर्षं दोन्ही नाड्या रोज येत होत्या." ती पडद्यावरच्या नोंदी चाळू लागली. "अडकायला कधीपासून लागला?"

"रविवारपासून."

रेश्मानं लॅपटॉपवर पाहिलं; दुसऱ्या नाडीची शेवटची नोंद रविवारचीच होती. विलासरावांनी मोबाइलवर दादाचा नंबर काढला आणि फोन तसाच हातात धरून ठेवला.

"यातून त्यांचं नाव काढून टाकू का?" तिनं हळूच विचारलं. "लगेच सुरू होईल."

"थांब थोडी," चक्रावरची नजर न काढता विलासराव म्हणाले. "दादाला पहिल्यापासूनच उठायला उशीर होतो."

बाहेर शाळा सुटून पोरं घरी निघाली होती.