मॅनेजरची बायको

पहाटेच्या शांततेत इस्त्री चर्रकन वाजली. यशश्रीने धनेशचा पांढरा शर्ट कडक करून दिला. इथे आखातात एका ट्रेकिंग कंपनीत मॅनेजर होता तो. नव्या शेजारणीला, खुदेजाभाभींना, तिने हे दहादा ऐकवलं होतं. तो कामावर गेल्यावर भाभींच्याच गाडीतून ती चिमुकल्या ज्ञानदाला घेऊन डोंगरातलं जुनं दगडी गाव बघायला गेली. खाली वादीतलं, दरीतल्या ओढ्याचं हिरवं पाणी, वर चुनखडीचा कडा, मधे हातभर पायवाट. समोरून पाहुण्यांच्या बॅगा पाठीवर लादलेले हमाल आले, मागून त्यांना हाकणाऱ्या अर्बाबचं, अरब मालकाचं, “यल्ला, यल्ला.” हमालांतला शेवटचा धनेश होता, मळक्या टी-शर्टात. तिला पाहताच त्याने मान खाली घातली. “कुणाची लेकरं असतील बिचारी,” भाभी हळहळल्या. यशश्रीने ज्ञानदाचं तोंड पोटाशी घट्ट दाबून धरलं. तो वळणाआड गेल्यावर ज्ञानदाने मान सोडवली. “मम्मी, तू पप्पांना हाक का नाही मारू दिली?”