मागच्या खोलीसाठी स्टोव्ह

केमो सुरू झाल्यापासून शरयूला सारखी थंडी वाजायची. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या त्यांच्या घरात मागच्या लहान खोलीपर्यंत हीटिंग नीट पोचत नसे, पण तिला दिवसभर तिथेच, खिडकीशी बसायचं असायचं. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दिगंबर तिला घेऊन खोली गरम करायच्या स्टोव्हच्या दुकानात गेला.

त्यानं मनाशी लाकडाचा स्टोव्ह ठरवूनच ठेवला होता. शरयू मात्र पेलेटच्या स्टोव्हपाशी थांबली. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांची पिशवी त्यात ओतायची आणि बटण दाबायचं, की झालं. एकदा भरला की किती तास चालतो, माणसाला झोप लागली तर आपोआप बंद होतो का, असं ती सेल्समनला खोदून खोदून विचारत राहिली.

"अगं, लाकडाचाच घेऊ," दिगंबर म्हणाला. "लाकडं मी आणीन, मीच घालीन. तुला हात लावावा लागणार नाही."

"ते माहितीये मला."

"मग? तुला तर जाळाकडे बघत बसायला आवडतं."

शरयूनं त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "तुम्ही गॅसवर चहा ठेवता आणि विसरून जाता," ती म्हणाली. "या हिवाळ्यात मी आहे बघायला. पुढच्या हिवाळ्यात कोण बघणार?"

सेल्समननं कोणता देऊ, म्हणून विचारलं.  दिगंबरनं पेलेटच्या स्टोव्हकडे बोट दाखवलं.