बोगद्याकडचा सांधा

टेबलावरच्या माझ्या छोट्या रेल्वेचे सांधे वळवायला दुकानदाराने दाबून सोडायची बटणं पुढे केली. मी खटकेच घेतले. बटण कोणी दाबून गेलं तरी मागे खूण राहत नाही; खटका मात्र जिकडे पाडला तिकडेच राहतो.

मला चोर पकडायचा होता. बोगद्याकडचा सांधा रोज कोणीतरी वळवून ठेवत होतं. बोगदा तरी कसला, प्लायवुडवर रंगवलेला काळा गोल, आणि मागे भिंत.

संशय मेहुण्यावर. तो खऱ्या रेल्वेत सांधेवाला, हात शिवशिवणारच.

"दिवसभर तेच करतो, दाजी. इथे कशाला हात लावू?" तो म्हणाला.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा प्रश्न मी गिळला.

आज खटका बसवला, सरळ रुळाकडे पाडला, वर चिकटपट्टी लावली. दोघांना समोर खुर्च्यांवर बसवलं. इंजिन माझ्याच खिशात होतं.

टक्.

खटका जागच्या जागी. सांधा मात्र बोगद्याकडे वळलेला.

मी तारच उपटली आणि सांधा बोटाने सरळ केला.

टक्.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "सांधा काही गाडी आत घालायलाच वळवतात असं नाही. बाहेर घ्यायलाही वळवतात."

एवढं बोलून त्याने आपली खुर्ची भिंतीपासून लांब ओढली.

बायकोचा हात रुळावर होता. तो तिने झटकन उचलला.

"अहो," ती म्हणाली, "रूळ थरथरतायत."