बांधावरून पडलेला पाला

प्लेगात यल्लूबाईचा नवरा गेला आणि महिन्याच्या आत धाकटा दीर रवळू पंचांपुढं उभा राहून म्हणाला, "ही बाई जल्मात कधी खरं बोलल्याली न्हाय." विहिरीकडचा मळा नवऱ्याच्या वाट्याचा, हे तिचं म्हणणं पंचांनी माना डोलावून खोटं ठरवलं. मळा रवळूचा झाला आणि यल्लूबाईच्या वाट्याला बांधापलीकडचा खडकाळ तुकडा आला.

एवढ्यावरही त्याचं पोट भरलं नाही. किडकी वांगी, मुळ्याचा पाला, दोडक्याचे सुकलेले वेल तो रोज सकाळी पाटी भरून तिच्या रानात फेकायचा. यल्लूबाई सगळं गोळा करायची, रांजणात पाणी घालून कुजवायची आणि वरचं काळं पाणी गाळून तांब्यातांब्यानं रोपांच्या मुळाशी सोडायची.

तिसऱ्या वर्षी संकेश्वरच्या बाजारात तिची वांगी संपल्याशिवाय रवळूच्या पाटीकडं कुणी बघेना. शेवटी तो बांधावर आला.

"वैनी, खडकावर असली वांगी कशी गं पिकीवतीस? घालतीस तरी काय?"

याच प्रश्नाची ती तीन वर्षं वाट पाहत होती. तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "तुम्ही टाकतासा त्योच पाला कुजवून घालते, भावजी. तुमच्या मळ्याचा सगळा कस माझ्याकडं आलाय."

"सांगायचं न्हाय तर नको सांगू, खोटारडे!" रवळू थुंकला आणि निघून गेला.



दुसऱ्या दिवसापासून तो चिडून रोज दोन पाट्या जास्त फेकू लागला.