बुजगावण्याची हुडी

वडिवळ्याच्या समर्थचं रॅप ऐकून कामशेतपर्यंतची पोरं माना हलवायची, पण बापानं, बजरंगभाऊंनी, कधी "बरं गातोस" म्हटलं नव्हतं. पुण्याच्या कपडेवाल्या कंपनीनं त्याला गुडघ्याएवढी हुडी धाडली आणि ती घालून शेतात फोटो काढायचे ठरले, तेव्हा बाप आता तरी बोलेल असं त्याला वाटलं. ऐन फोटोच्या सकाळी हुडी गायब!

"आबा, माझी हुडी कुटंय?" त्यानं बापाला विचारलं.

"ती तुझी व्हय? मला वाटलं, कुणीतरी बुजगावण्याला धाडलीया. भातात बघ, लय शोभतीय."

समर्थ धावत बांधावर पोचला, तर कंपनीवाले बुजगावण्याचेच फोटो काढत होते. "काय उभा राहतो हा!" म्हणत त्यांनी ते उपटलं, गाडीत घातलं आणि नेलं. लोणावळ्याच्या वाटेवर आता त्याचंच पोस्टर झळकतंय.

इकडं भात उघडं पडलं. बजरंगभाऊंनी समर्थलाच खाचरात उभा केला. "गा आता!"

संध्याकाळी पारावर त्यांची छाती फुगली होती. "पोराच्या गळ्याला तोड न्हाई, गड्यांनो. गायला लागल्यापासनं एक पाखरू उतरलं न्हाई!"